हळवा वाल

जाधव गेल्याची बातमी मला बसमध्ये कळली. फेब्रुवारीचा शेवट होता, रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे पडलेले ढीग होते आणि माझ्या पिशवीत बियाण्यांचे दोन नवे कॅटलॉग होते. दर हिवाळ्यात हे कॅटलॉग मी जाधवांना वाचून दाखवत असे. त्या दिवशी ते हॉस्पिटलात जाऊन वाचायचे होते. विद्यापीठाच्या थांब्यावर मुलांची झुंबड चढली आणि तेवढ्यात फोन वाजला. जाधवांची मुलगी सुजाता बोलत होती. "काका, बाबा गेले. सकाळी सहाला." मी "बरं" म्हणालो. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिलो आणि त्याच बसनं घरी परत आलो. मनात पहिला आला तो विचार दुःखाचा नव्हता. त्यांना सांगायचं राहून गेलं, असा होता. आणि त्याच्या पाठोपाठ, आता सांगावं लागणार नाही, हाही विचार आला. तो दुसरा विचार आला, म्हणून हे लिहितो आहे.

काशिनाथ जाधव हे नाव वाचकांपैकी कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. रायगड जिल्ह्यातल्या एका भात संशोधन केंद्रावर त्यांनी तीस वर्षं मजुरी केली. शिक्षण सातवीपर्यंत. रोपांना चिठ्ठ्या बांधणं, लोंब्या मोजणं, वेगळं दिसणारं रोप साहेबांना दाखवणं हे त्यांचं काम. कितीतरी वेळा ते रोप आधी त्यांच्या नजरेला पडलेलं असे आणि साहेब मागून येऊन वहीत लिहून घेत. एका नव्या वाणाची पुस्तिका निघाली तिच्यात फोटो होता, तो त्यांनी जपून इकडे आणला होता. फोटोत साहेब उभे आहेत, भाताची लोंबी आहे आणि कडेला लोंबी धरलेला एक हात आहे. "हा मी," असं ते हातावर बोट ठेवून सांगत. हसत सांगत, पण सांगितल्याशिवाय राहत नसत. बायको गेल्यावर सुजातानं त्यांना मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आणलं. ती इथं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. मीही तसाच आलेला, पुण्याहून, मुलाकडे. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी तपासल्या, स्वतः कधी कुंडीतही काही लावलं नव्हतं.

आमची ओळख २००२ च्या मे महिन्यात झाली. गावाबाहेर बागकामासाठी जमिनीचे चौकोनी तुकडे वर्षाच्या कराराने मिळतात. मी दिवसभर घरात बसून असतो म्हणून सून मेघनानं माझ्या नावानं एक घेऊन ठेवला. शेजारच्या तुकड्यात माकडटोपी घातलेला एक काटक माणूस ढेकळं हातानं फोडत होता आणि स्वतःशी मराठीत बोलत होता. मी जाऊन नाव सांगितलं. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही बसा तिकडं. तुमचाही तुकडा मी खणतो." मी म्हटलं, साहेब म्हणू नका, घरात मला नाना म्हणतात. ते नाना म्हणू लागले, पण खणायचं त्यांनी सोडलं नाही. त्या पहिल्या वर्षापासून दोन्ही तुकडे त्यांच्याच हाताखाली होते, हे आधी सांगून ठेवतो.

इथं मेच्या मध्यापर्यंत जमिनीवर भरवसा ठेवता येत नाही आणि ऑक्टोबर उजाडला की एखाद्या रात्रीचं दव गोठतं आणि सगळं काळं पडतं. मधले दिवस साडेचार महिन्यांचे. त्यामुळे काय लावायचं हा विचार इथं जानेवारीत करायचा असतो. सुजाताच्या घरी कॅटलॉग येत, मी इंग्रजी वाचून अर्थ सांगे आणि जाधव एका जुन्या वहीत पेन्सिलीनं लिहून घेत. टोमॅटोच्या पानावर रंगीत चित्रं असत, चवीचं वर्णन असे, ते मी चवीनं वाचायला लागलो की ते मला थांबवत. "ते राहू द्या हो नाना. दिवस किती?" प्रत्येक वाणापुढे दिवसांचा आकडा छापलेला असतो, लावल्यापासून फळ हाताला येईपर्यंतचा. ऐंशी म्हटलं की ते मान हलवत. पंचावन्न म्हटलं की पेन्सिल उचलत. असं करत आम्ही लवकर येणारा टोमॅटो निवडला, थंडी सोसणारा पालक निवडला, मुळा, बीट, मटार, चाकवत निवडला. दोन वर्षांत माझ्या घरी इतकी भाजी यायला लागली, की मेघना शेजाऱ्यांना वाटू लागली.

पण जाधवांचा जीव वालात होता. त्यांच्याकडे भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरतात, तो कडवा, बारीक दाण्याचा वाल. तो त्यांना इथं हवा होता. कॅटलॉगमध्ये तो नव्हता. गावाहून येणाऱ्या कुणाकुणाबरोबर ते बी मागवत. पहिल्या वर्षी वेल मांडवावर असे चढले की लोक थांबून बघत. पण फूल नाही. सप्टेंबर संपता संपता तुरे आले आणि आठवड्याभरात गोठून गेले. दुसऱ्या वर्षी तेच. मेघना एकदा मांडवाखाली उभी राहून म्हणाली, "जाधवकाका, यात नुसती पानंच आहेत की." ते म्हणाले, "त्याला रात्र मोठी लागते, पोरी. इथं उन्हाळ्यात नऊ वाजले तरी उजेड. त्याला वाटतं, अजून वेळ आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, यातला हळवा मिळाला पाहिजे. मी शहरातला माणूस. मी म्हटलं, "वाल कसला हळवा? रडतो की काय?" ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग त्यांनी समजावलं. जे पीक लवकर हाताला येतं ते हळवं, जे उशिरा येतं ते गरवं. शंभर गरव्या वेलांत एखादा हळवा निघतो, तो दिसायला नजर पाहिजे. त्याचं बी धरायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा त्यातलं लवकरचं धरायचं. "चार वर्षांत इथला वाल होईल. माझा वाल." आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तुम्ही गरवे, नाना. तुम्हाला सगळं उशिरा कळतं."

२००४ मध्ये त्यांनी पाच गावचं बी गोळा केलं आणि कडेची थोडी पालेभाजी सोडली तर दोन्ही तुकड्यांत मिळून वालच लावला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी गेलो तर ते मांडवाशी उकिडवे बसले होते, जणू कुणाची झोपमोड होईल असे. एका वेलाला फूल आलं होतं. बाकी सगळे हिरवे ढिम्म आणि हा एकच वेल जांभळा. सुजाताचा फाटका हातमोजा उसवून त्यांनी लाल लोकर काढली आणि त्या वेलाच्या प्रत्येक घोसाला सैल गाठ मारली. सप्टेंबर लागला तेव्हा त्या वेलावर पस्तीस-चाळीस शेंगा होत्या. आणि त्याच आठवड्यात गावाहून निरोप आला, थोरल्या भावाचं काही खरं नाही म्हणून. सुजाता म्हणाली, "बाबा, तिकीट पुढे ढकलते, वाल होऊ दे." त्यांनी ऐकलं नाही. जायच्या आदल्या दिवशी मला मांडवापाशी उभं करून त्यांनी सगळं दोनदा सांगितलं. शेंगा वेलावरच वाळू द्या. ऑक्टोबरात थंडीचा इशारा आला तर वेल मुळासकट उपटा आणि तुमच्या तळघरात उलटा टांगा, राहिलेला रस वेलातून शेंगांत उतरेल. "बाकीचं सगळं गेलं तरी चालेल, नाना. लाल तेवढा राखा."

ऋषिपंचमीची भाजी वाचकांना माहीत आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसानं आपल्या हातानं पिकवलेलं खायचं. आमच्या इथल्या मराठी मंडळींनी त्या वर्षी ती भाजी एकत्र करायचं ठरवलं, कारण पंचमी सुटीच्या दिवशी आली होती. इथं बैल कुठला, ट्रॅक्टरचं चालतं का, असे विनोद फोनवर झाले. ज्यांच्या घरी गणपती होता त्या शुभाताईंनी मला विचारलं, तुमच्या बागेतलं काय देता? मी चाकवत आणि माठ कबूल केला. माठ तोडायला गेलो. तो वेल समोर होता. माझ्या मनात आलं, ताज्या वालाची शेंग या माणसांनी किती वर्षांत पाहिलेली नाही. अर्ध्या शेंगा खुडल्या तरी बियाला पुष्कळ उरतात, असा हिशेब केला आणि अर्ध्या खुडल्या. लाल गाठींना हात लावला नाही. घरी आलो आणि शुभाताईंना सांगितलं, वाल आहे. त्यांना खरं वाटेना. दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला. सगळ्यांना सांगितलंय हो नाना, पस्तीस माणसं आहेत, आणखी थोडा मिळेल का... मी बस पकडून पुन्हा गेलो. तिथं मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही, पण फार वेळ नव्हता. वेलाला वरच्या शेंड्याला अजून फुलं होती. ती धरतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि उरलेल्या शेंगा खुडल्या.

भाजी छान झाली होती. हे लिहायला नको, पण खरं आहे. एकेकाला चमच्यात दाणा सापडला की तो दाखवत होता. सांता क्लाराहून कुणाकडे आलेले एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे बारा महिने ऊन आहे, पण हा नाही. कुणीतरी विचारलं, "नाना, मिशिगनमध्ये वाल? कसं काय जमवलंत?" मी म्हणालो, "तीन वर्षं खटपट केली." मी खोटं एवढंच बोललो. खटपट केली, कुणी ते सांगितलं नाही. जाधव गणपतीला येत नसत, त्यांच्याकडे गणपती नसतो, त्यामुळे तिथं त्यांना ओळखणारंही फारसं कुणी नव्हतं. एकानं फोटो काढला. माझा हात, हातात राहिलेली एक शेंग. पुढच्या महिन्यात मंडळाच्या पत्रकात तो फोटो आला, खाली छापलं होतं, 'नानांच्या हातचा वाल'. आपल्या हातानं पिकवलेलं खायचा तो दिवस होता.

शेंड्याची फुलं धरली नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच थंडी पडली आणि सकाळी मांडवावर सगळं काळं लोंबत होतं, लाल गाठी तेवढ्या लाल. त्या दिवशी मला जाधवांना फोन करता आला असता. त्यांचा भाऊ वारला होता, त्यांना आणखी काय सांगायचं, असं मी कारण काढलं. महिन्याभरानं, ते यायच्या आधी, मी देशी किराणा दुकानातून सुक्या वालाचं पाकीट आणलं, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यातले बारीक बारीक दाणे निवडले आणि काचेच्या बरणीत भरले. बरणीवर लाल लोकरीचा तुकडा बांधला. तो मी मांडवावरून सोडवून आणला होता. हे मी केलं. चूक झाली म्हणता येईल असं शेंगांच्या बाबतीत कदाचित म्हणता येईल, बरणीच्या बाबतीत म्हणता येणार नाही.

त्यांनी दाणे तळहातावर घेतले. उलटेसुलटे केले. "दाणा जरा मोठा वाटतो," म्हणाले. मी म्हटलं, इथल्या मातीचा गुण असेल. "असेल," ते म्हणाले आणि बरणी छातीशी धरून दोन्ही हातांनी मला नमस्कार केला. बरणी हातात असल्यामुळे तो नीट जमला नाही.

२००५ चा उन्हाळा मी विसरू शकत नाही. चोवीस दाणे लावले, चोवीसही उगवले. जुलैच्या अखेरीपासून ते रोज सकाळी जात. मीही जात असे, कारण न जाणं अधिक कठीण होतं. ऑगस्ट गेला. सप्टेंबरात ते मांडवाखाली बादली उलटी ठेवून बसू लागले. एकही वेल हळवा निघाला नाही. "एखादा तरी यायला पाहिजे होता," असं ते म्हणत, माझ्याशी नव्हे, वेलाशी. दुसऱ्या वर्षी बरणीतले उरलेले दाणे लावले आणि रिकामी बरणी मला परत दिली; वेलांचं पुन्हा तेच. त्या शरद ऋतूत, मांडव उतरवताना, त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "नाना, तीस वर्षं मला वाटायचं, साहेबांकडं कागद आहे, नजर माझ्याकडं आहे. तेवढ्यावर मी दिवस काढले. ती नव्हतीच. ते एक फूल आलं, ते उगाच आलं होतं. मी त्याला हळवा समजलो." माझ्या हातात तारांचं भेंडोळं होतं. मी म्हणालो, "असं होतं कधी कधी." ...हेच शब्द. वाचकांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं, पण माझे शब्द हे होते.

२००७ मध्ये त्यांनी तुकडा घेतला नाही. सुजाताला सांगितलं, गुडघे दुखतात. बाल्कनीत एका टोपलीत मेथी टाकत, तीही तिनं आग्रह केला तर. गावाहून आणखी बी मागवू, असं मी दोनदा सुचवलं. ते म्हणाले, "बी आणून काय करू? बघणार कोण?" थंडी सुरू झाली तसं त्यांचं जेवण कमी झालं, मग पोटात गाठ निघाली. हे दुखणं माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तेवढं मला कळतं. पण त्या वर्षी त्यांच्याजवळ सकाळी उठून जायला काही नव्हतं, आणि ते का नव्हतं हे जगात एकट्या मला माहीत होतं.

हॉस्पिटलात मी शेवटचा भेटलो तेव्हा सुजाता डॉक्टरांशी बाहेर बोलत होती. उशालगत छापील कागद पडलेला होता, इंग्रजी. जाधवांनी तो बोटानं माझ्याकडे सरकवला. "वाचा की नाना. दिवस किती?" मी चष्मा लावला. कागदावर आकडा नव्हता, औषधांची नावं होती. ते सांगितलं. "आकडा छापत नाहीत होय," ते म्हणाले आणि हसले. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, ते शुद्धीवर होते आणि सुजाता पंधरा मिनिटं आली नाही. इतका मोकळा वेळ मला त्याआधी तीन वर्षांत मिळाला नव्हता. मी म्हणालो, नवे कॅटलॉग आलेत, मंगळवारी घेऊन येतो. ते म्हणाले, या.

सुजाताच्या घरी बुद्धवंदना झाली तेव्हा दहा-बारा माणसं होती. बाबासाहेबांच्या फोटोखाली जाधवांची पेन्सिलीची वही ठेवली होती. वंदना झाल्यावर सुजातानं ती माझ्या हातात दिली. "काका, बागेत तुम्हीच बरोबर होतात. थोडं वाचता का?" मी वाचलं. टोमॅटोचे दिवस, पालकाचे दिवस, मटार कधी लावला, थंडी कधी पडली. माझं नाव जागोजाग होतं. 'नानांनी वाचून दाखवले.' 'नानांनी पाणी घातले.' मग २००४ आलं. 'एक वेल हळवा. नानांनी बी राखले.' मग २००५. 'चोवीस वेल. सगळे गरवे. निवड चुकली. माझी नजर चुकली.' मी तेही वाचलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, आणि पान उलटलं. एका बाईंनी डोळे पुसले. सुजाता मला म्हणाली, "थँक यू, काका."

त्यानंतर पाच आठवडे मी तिच्या घरी गेलो नाही. गेल्या रविवारी गेलो. तिला सगळं सांगितलं, दुकानाच्या पाकिटापर्यंत. ती प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी आहे, तिनं मध्ये थांबवून दोनच गोष्टी विचारल्या. त्या वेलाचं एकही बी कुठे उरलं आहे का? नाही, म्हटलं. आणि बाबांना हे माहीत होतं का? नाही, म्हटलं. मग म्हणाली, "ते मला म्हणाले होते, सुजे, तुझा बाप नुसता हात होता. फोटोतला." आणि पुढे, "काका, हे तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं. मला नाही." मी तिला म्हटलं, वही दोन दिवसांसाठी दे. तिनं दिली. बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही.

वही आता माझ्यासमोर आहे. आमच्या खात्यात नियम होता की नोंद चुकीची निघाली तरी ती खोडायची नाही. खाली दुरुस्तीची नोंद घालायची, कुणी आणि का ते लिहायचं आणि सही करायची. 'माझी नजर चुकली' या ओळीखाली जाधवांनी दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या, त्या मला पुरल्या. लिहिलं, 'हे बी जाधवांच्या वेलाचे नव्हते, दुकानाचे होते. जाधवांची नजर बरोबर होती. वेल हळवा होता, त्याच्या सर्व शेंगा मी खुडल्या.' सही केली, आजची तारीख घातली. उद्या वही परत करायची आहे. पानात खूण म्हणून लाल लोकरीचा तुकडा ठेवला आहे, बरणीवरचा. बाहेर अजून बर्फ आहे आणि तारखेपुढे जागा शिल्लक होती तिथं, जाधव प्रत्येक वेलापुढे लिहीत तसं, मी माझ्या सहीपुढे एक शब्द लिहिला आहे. गरवा.